वाइंडिंगच्या बाया आणि शेवटचं रीळ

स्नेहसंमेलनात कोणता पिक्चर पाहायचा, हे त्या वर्षी पहिल्यांदाच कामगारांना विचारलं गेलं. हिंगण्याच्या त्या पंपाच्या कारखान्यात तेव्हा, म्हणजे १९७९ साली, तीनशेच्या आसपास माणसं होती. प्रत्येकाला कागदाचा एक तुकडा दिला होता आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर एकाच तऱ्हेची फर्माईश होती. पिक्चर हिंदी पाहिजे, रंगीत पाहिजे, मारामारीचा पाहिजे. वेल्फेअर ऑफिसर कृष्णकांत देवपुजारी यांनी सगळे तुकडे गोळा केले, रबर लावून टेबलाच्या खणात ठेवले आणि रविवारी आणला तो एक काळापांढरा मराठी पिक्चर. त्यात गाणं म्हणून नव्हतं.

पॅकिंगच्या शेडमध्ये पडदा बांधला होता. दुपारची वेळ असल्यामुळे खिडक्यांना गोणपाट ठोकले होते, तरी कुठून कुठून उन्हाच्या तिरिपी आत येत होत्या. पुढे दोन रांगा खुर्च्यांच्या, त्या ऑफिसर आणि त्यांच्या घरच्यांसाठी. मागे सतरंज्या. डाव्या अंगाला बायांची जागा. कारखान्यात बाया सगळ्या मिळून बावीस, आणि त्या सगळ्या वाइंडिंगच्या. मोटारीच्या आत तांब्याच्या तारेची जी वेटोळी बसवतात, ती करण्याचं काम त्यांचं. पुरुषांच्या जाड बोटांना ते जमत नाही, असं मॅनेजर पाहुण्यांना नेहमी कौतुकानं सांगत.

गोपिका भोयर त्या बाविसांतली. वानाडोंगरीहून पायी यायची. अकरा वर्षं वाइंडिंगवर झाली होती. रविवारी तिला यायचंच नव्हतं. कपाशी वेचायला चार बाया शेतात लावल्या होत्या आणि नवरा रामाजी एकटा होता. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सिंधूताईंनी तिला ओढून आणलं. "वर्षातून एक डाव सिनेमा दाखवतात, तोही सोडशील का वं?"

आणि पडद्यावर काय आलं, तर एक रेल्वेचं फाटक, एक खोली, आणि एक माणूस पाच मिनिटं कंदील पुसत बसलेला.

पहिली शिटी फाउंड्रीच्या पोरांनी मारली. मग सगळी शेड उठली. "बंद करा!" "मारामारी कुठी आहे गा?" "देवपुजारी साहेब, आमचे कागद कुठी गेले?" युनियनचे रुपराव गावंडे उभे राहून म्हणाले, "हा कामगारांचा अपमान आहे!" टाळ्या पडल्या. सिंधूताईही ओरडल्या. गोपिका ओरडली नाही, पण तिला संताप आलाच होता. घरचं काम टाकून आपण इथे दुसऱ्याचा कंदील पुसणं पाहायला आलो?

देवपुजारी भिंतीला टेकून उभे होते. तीस-बत्तिशीचा सडपातळ माणूस, शहरात धरमपेठेत राहणारा. त्यांनी फक्त हात वर केला. "दहा मिनिटं द्या. फक्त दहा मिनिटं."

पोरांनी दहा मिनिटं दिली ती थट्टेनं. कोणी घड्याळ पाहून मोठ्यानं मिनिटं मोजू लागलं. सातव्या मिनिटाला मोजणं थांबलं.

फाटकवाल्याला ताप चढला होता. साहेबाकडे रजा मागितली तर बदली माणूस नाही म्हणून उत्तर आलं. तेव्हा त्याची बायको फाटकावर उभी राहू लागली. स्टेशनातून घंटी आली की फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं. एका संध्याकाळी घंटी आलीच नाही. फाटक उघडं, रुळात बैलगाडीचं चाक अडकलेलं, आणि वळणावरून इंजिन. बाई निशाण घेऊन रुळावरून धावत सुटली.

गाडीवान मेला. चौकशी बसली. स्टेशनमास्तरनं लिहून दिलं की घंटी दिली होती, फाटकवाला झोपला होता. आता बायको खरं बोलली, की घंटी वाजली नाही आणि फाटकावर मी होते, तर नवऱ्याची नोकरी जाणार. कारण नोकरीत नसलेल्या माणसानं फाटकाला हात लावणं हाच गुन्हा. गप्प राहिली तर नवरा तुरुंगात. चौकशीच्या ऑफिसबाहेर ती तीन दिवस बाकावर बसते. तिसऱ्या दिवशी शिपाई नाव पुकारतो. आत लांब टेबल, टेबलामागे साहेब. साहेब वर न बघता विचारतो, "त्या दिवशी फाटकावर कोण होतं?"

बाईनं तोंड उघडलं, आणि पडदा पांढरा झाला. रीळ संपलं होतं.

"लावा ना लौकर!" मागून कोणी ओरडलं. मघाशी शिट्या मारणाऱ्या फाउंड्रीच्याच पोरांपैकी होता तो. मशीनवाला ओमप्रकाश डब्यातून शेवटचं रीळ काढत होता. तेवढ्यात शेडचे दिवे लागले. दोन शिपायांनी खिडक्यांचे गोणपाट ओढून काढले आणि भसकन उजेड आत आला. मुंबईहून यायचे होते ते मालकांचे मेहुणे ठरल्यापेक्षा तासभर आधीच येऊन थडकले होते आणि त्यांना लगेच परतायचं होतं. मॅनेजर माइकवर म्हणाले, "आता बक्षीस समारंभ. चित्रपट पुरेसा झालेला आहे."

पुरेसा! गोपिकेनं आजूबाजूला पाहिलं. सिंधूताईंचा पदर अजून डोळ्यांशी होता आणि त्यांच्या मांडीवरून एक शिपाई गोणपाट फरफटत नेत होता.

"अहो, थांबा जरासक! वीस मिनिटाचंच राहिलं ना," सिंधूताई म्हणाल्या.

"बाई, मी काय करू? साहब का हुकूम," ओमप्रकाश पुटपुटला आणि रीळ परत डब्यात घातलं.

बक्षिसं झाली, भाषण झालं, बुंदी-चिवडा वाटला गेला. मग पिक्चर पुढे दाखवतील म्हणून बरेच लोक सतरंजीवर बसून राहिले. सहाला कंपनीच्या बसेस लागल्या आणि पडदा सोडताना दिसला. गोपिका सरळ देवपुजारींकडे गेली.

"साहेब, पुढं काय झालं? ते बाई काय बोलली?"

"गोपिकाबाई, माझा इलाज नव्हता. पाहुणे..."

"तुमी पाह्यला होता का हा पिक्चर?"

"हो. दोनदा. म्हणूनच तर आणला."

"मंग तुमाले मालूम होतं पुढं काय आहे ते! मालूम असून तुमी भिंतीले टेकून उभे राहिले?"

ते म्हणाले, "मी सांगतो ना शेवट. ऐका, ती..."

"नोका सांगू!" गोपिका एवढ्या जोरात म्हणाली की खुर्च्या उचलणारे शिपाई थबकले. "सांगाचं नाही. आमाले पाहाचा आहे."

घरी रामाजी वैतागून बसला होता. एकाच्या अंगावर दोघांचं काम पडलं होतं. गोपिकेनं भाकरी टाकता टाकता सुरुवात केली ती नुसती कुरकुर म्हणून, पण सांगता सांगता तिनं सगळा पिक्चर सांगितला. कंदील, ताप, घंटी, चाक, बाक. रामाजीचा हात ताटात थांबला.

"मंग? काय म्हणाली ते साहेबाले?"

"तेच त नाही दाखवलं!"

"काहून?"

"मालकाचा मेहुणा आला म्हणे."

"अरे, मेहुणा आला त आला! त्यालेही बसवाचं होतं सतरंजीवर!" रामाजी एकदम तापला. पिक्चर त्यानं पाहिलेलाही नव्हता. "हे काय वागणं झालं? जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढाचं का?"

आपल्याला नेमकं काय टोचतंय ते गोपिकेला तेव्हा समजलं. शेवट राहिला याचं दुःख होतंच. त्याहून जास्त लागला तो उजेड. आपण आत रडत बसलो असताना कोणी न विचारता खिडकी उघडली होती. खुर्चीवरच्या एका बाईनं जरी म्हटलं असतं, की थांबा, मला पाहायचंय, तर मेहुण्याला चहा पाजून थांबवलं असतं. बावीस बाया आणि अडीचशे माणसं तिथे बसली आहेत हे त्यांच्या लेखी नव्हतंच.

सोमवारी आठचा भोंगा झाला. वाइंडिंगमध्ये बावीसच्या बावीस बाया आपापल्या टेबलाशी बसल्या. तारेची रिळं चढवलेली, मशीनचे दांडे हाताशी. पण कोणी दांडा फिरवला नाही. गेटपासून सेक्शनपर्यंत येताना जेवढं बोलणं झालं तेवढ्यावरच ठरलं होतं. कोणी सभा घेतली नाही. गोपिका म्हणाली होती, "मी त आज हात लावत नाही," आणि सिंधूताई म्हणाल्या, "मंग मीही नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

साडेआठला फोरमन आला, पाहून परत गेला. नऊला रुपराव गावंडे धावत आले. कपाळाला घाम.

"काय होय हे? युनियनले न सांगता? मागणी काय तुमची?"

"शेवटचं रीळ," गोपिका म्हणाली.

रुपरावांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"पिक्चरचं शेवटचं रीळ. ते दाखवा, आमी काम करतो."

"अवं बाई, बोनससाठी बसा, मी पहिल्या रांगेत बसतो. कँटीनच्या भाजीसाठी बसा. पिक्चरसाठी कोनी संप करते का? लोक हासतील आपल्यावर!"

"काल तुमीच म्हणाले ना, कामगारांचा अपमान आहे म्हणून? टाळ्या घेतल्या."

"ते... ते पिक्चर सुरू होता तेव्हाचं होय."

"मंग अपमान कधी झाला गा, रुपराव? सुरू केला तेव्हा का बंद केला तेव्हा?"

रुपराव निघून गेले. दहा वाजता मॅनेजर स्वतः आले. वाइंडिंग थांबलं की पुढे असेंब्ली थांबते, आणि असेंब्ली थांबायला आता तासभरही उरला नव्हता. मॅनेजर आधी हसत बोलले. "अहो, तुम्हीच तर काल ओरडत होतात, बंद करा, बंद करा म्हणून. आम्ही तुमचंच ऐकलं."

हे मात्र खरं होतं. सिंधूताईंनी मान खाली घातली. गोपिकेनं घातली नाही.

"ओरडलो आमी. तवा नाही ऐकलं तुमी, ते बेस केलं. चांगला पिक्चर होता, आमाले समजलं नव्हतं. मंग समजलं. अन समजल्यावर बंद केला. आमी गप बसून होतो, तवा कोनाचं ऐकून बंद केला, साहेब?"

"चित्रपट ही कंपनीनं दिलेली सवलत आहे. हक्क नाही."

"दिलेली होती ना? मंग देल्यावर मधातून काहून ओढली?"

मॅनेजरांचं हसू गेलं. "अर्ध्या तासात काम सुरू झालं नाही तर प्रत्येकीला मेमो मिळेल," म्हणाले आणि वळले. बाया बसून राहिल्या. अकरा वाजले. असेंब्ली थांबली. तिथली माणसं दारात येऊन उभी राहू लागली. आधी गंमत म्हणून आले होते, मग तिथेच वाद सुरू झाला. एक फिटर ओरडून म्हणत होता, ती खरं बोलली असणार. फाउंड्रीतला एक म्हणे, कशी बोलेल, लेकरं उपाशी मरतील ना. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. रुपराव भांडण सोडवायला आले आणि तेही वादात पडले. त्यांचं मत, तिनं युनियनकडे जायला पाहिजे होतं.

देवपुजारी सकाळपासून ऑफिसात दिसले नव्हते. अडीच वाजता आले ते तसेच वाइंडिंगमध्ये. ते शहरात सीताबर्डीवर, पिक्चर भाड्यानं देणाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन आले होते. डबे रात्रीच वर्ध्याला पुढच्या बुकिंगवर गेले होते, तिथून बुधवारी परत यायचे होते.

"गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत दाखवतो," ते म्हणाले. "मशीनसकट आणतो. मॅनेजरांना विचारलेलं नाही. ते मी पाहून घेईन."

"लिहून देता का?" गोपिकेनं विचारलं.

देवपुजारींचा चेहरा उतरला. तिचा विश्वास नाही हे त्यांना लागलं असावं. पण तिथेच टेबलावर वाकून त्यांनी तीन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. गोपिका चौथी शिकलेली. तिनं बोट फिरवत वाचलं, कागद सिंधूताईंकडे दिला आणि मशीनचा दांडा हातात घेतला.

मधले दोन दिवस कारखान्यात दुसरा विषय नव्हता. देवपुजारींना लोक टाळू लागले, कारण त्यांच्या तोंडून चुकून शेवट निघेल. एकदा ते कँटीनमध्ये आले तर फिटरनं कानावर हात ठेवले.

गुरुवारी बाराच्या भोंग्याला ते गेटातून आत आले. एका हातात रिळाचा गोल पत्र्याचा डबा, मागे ओमप्रकाश मशीन घेऊन. शेडला मॅनेजरांनी कुलूप लावून ठेवलं होतं, किल्ली त्यांच्या खिशात. देवपुजारी दोन मिनिटं कुलपासमोर उभे राहिले. मग वाइंडिंगच्याच भिंतीवर, जिथे चुना बरा होता तिथे, पिक्चर टाकायचं ठरलं. बायांनी टेबलं सरकवली. खिडक्यांवर पोती, पुठ्ठे, कोणाची सतरंजी. दीडशे माणसं त्या खोलीत कशी मावली कोण जाणे. व्हार्निशच्या वासात घामाचा वास मिसळला होता.

भिंतीवर साहेब आला. त्यानं तोच प्रश्न विचारला. बाईनं तोंड उघडलं.

"फाटकावर मी होते. घंटी वाजली नाही."

साहेबानं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. त्यानं लिहून घेतलं. स्टेशनमास्तरची चौकशी लागली. नवऱ्यावरचा खटला उठला, आणि दुसऱ्या कागदानं त्याची नोकरी गेली. नवा फाटकवाला आला, चांगला माणूस होता, त्यानं सामान बांधायला मदत केली. बाईनं त्याला सांगितलं की पावसात फाटकाचा खिळा अडकतो, दगडानं ठोकावा लागतो. मग डोक्यावर ट्रंक, कडेवर लेकरू, पुढे नवरा. रूळ ओलांडताना ती थांबली. गाडीची वेळ नव्हती, तरी तिनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मग पाय टाकला. संपला.

मग सिंधूताई उठल्या त्या रागानं लाल होऊन. "हे काय झालं? खरं बोलली, अन तिलेच घराभायेर काढलं? तिले बक्षीस द्याले पायजे होतं! कोन होय हा पिक्चर काढणारा? भेटू द्या मले!"

"म्हणून म्हणत होतो, बोलाले नोको पायजे होतं," फाउंड्रीचा म्हणाला.

"अन नवऱ्याले तुरुंगात पाठवाचं?" फिटर उसळला.

गोपिका भिंतीकडे पाहत होती. देवपुजारींनी हळूच विचारलं, "आवडला का शेवट?"

"आवडाचं काय त्यात?" ती म्हणाली. "बरोबर आहे. असंच होते. पन साहेब, हे आमाले रविवारीच दिसाले पायजे होतं. त्याच्यासाठी तुमाले वर्धेची वाट पाहा लागली अन आमाले हात बांधून बसा लागलं, याचा मले राग आहे. तो जात नाही."

देवपुजारी म्हणाले, "जाऊ नये." मग ओमप्रकाशला वायर गुंडाळायला मदत करू लागले.

पुढच्या सोमवारी मेमो आला, एकट्या गोपिकेच्या नावाचा. चित्रपटाच्या बालिश हट्टापायी तिनं सहकाऱ्यांना चिथावून साडेसहा तास उत्पादन बंद ठेवलं, सबब एक दिवसाचा पगार कापण्यात येत आहे आणि सक्त ताकीद देण्यात येत आहे. खाली सही करून एक प्रत परत द्यायची होती. रुपरावांनी तिला बाजूला नेऊन समजावलं, माफीच्या दोन ओळी लिहून दे, मी पगार कापू देत नाही.

"पगार कापू द्या. काम बंद ठेवलं हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पन हा शब्द पाहा." तिनं बोट ठेवलं. "हट्ट. वरतून बालिश. हट्ट लेकरं करतात गा, रुपराव. मी अडतीस वर्षाची बाई आहे, अन माझ्या हाताच्या मोटारी चांद्यापासून अकोल्यापावेतर विहिरीवर चालून राहिल्या."

तिनं पेन मागून घेतला, 'बालिश हट्टापायी' या शब्दांवर एक आडवी रेघ ओढली आणि सही न करता मेमो परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच मेमो पुन्हा आला. तिनं पुन्हा रेघ ओढली. ऑफिसातला टायपिस्ट चिडला. मॅनेजर म्हणाले, तिला कामावरून कमी करू. देवपुजारी म्हणाले, मग माझाही राजीनामा घ्या. आणि त्या गुरुवारी दुपारी दीडशे माणसं कुठे होती, हेही तुम्हाला वर मालकांना कळवावं लागेल. बरीच चर्चा झाली म्हणतात. आत काय घडलं ते देवपुजारींनी कधी सांगितलं नाही.

शुक्रवारी नवा टाइप केलेला कागद आला. पगार कापलेलाच होता, ताकीदही होती. फक्त त्या जागी लिहिलं होतं, 'चित्रपटाच्या मागणीवरून'.

गोपिकेनं तो दोनदा वाचला. मग सही केली, सावकाश, एकेक अक्षर वेगळं काढून. कागद शिपायाच्या हातात देताना म्हणाली, "मागणीच होती. पयले लिहाले काय झालं होतं यायले?"